९६० किलोची गडबड: टू-व्हील-ड्राइव्ह झारानं वर्ल्ड रॅली कार्सना हरवलं त्याचं प्रकरण

रॅलीच्या नियमांबद्दल कुणी नवखा विचारतो ना, तेव्हा त्याच्या डोक्यात वर्ग म्हणजे शाळेतल्या इयत्ता असतात. खाली टू-व्हील-ड्राइव्हवाले, वर फोर-व्हील-ड्राइव्हवाले, खालचा कधी वरच्याला हरवणार नाही, हरवलं तर वरच्याची गाडी बंद पडली असणार. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण १९९९ साली तीन आठवड्यांच्या अंतरात दोनदा हे खोटं पडलं, आणि ते का पडलं हे नीट समजून घेतलं की होमोलोगेशन (म्हणजे गाडी स्पर्धेसाठी नोंदवून मान्य करून घेणं), किमान वजन, सीसीचा गुणाकार, रिस्ट्रिक्टर हे सगळं एकदम डोक्यात बसतं, नाहीतर नियमावली वाचताना दुसऱ्या पानावर झोप लागते, माझी तरी लागायची.

तर झालं असं. एप्रिल १९९९, स्पेनमधली कातालुन्या रॅली, जागतिक अजिंक्यपदाची फेरी, सगळ्या स्टेजेस, म्हणजे वेळ मोजायचे टप्पे, डांबरी. टोयोटा, मित्सुबिशी, सुबारू, फोर्ड सगळे आपापल्या टर्बो फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या घेऊन हजर. आणि जिंकला कोण तर फ्रान्सचा फिलिप ब्युगाल्स्की, शेजारी को-ड्रायव्हर जाँ-पॉल कियारोनी, गाडी सित्रोएन झारा किट कार. दोन लिटर, बिनटर्बोची, पुढच्या दोनच चाकांना पॉवर. मागे दुसरा दिदिए ऑरिऑल टोयोटा कोरोलात, तिसरा टॉमी मॅकिनेन मित्सुबिशीत, जो त्या वर्षी शेवटी चौथ्यांदा जगज्जेता झाला.

लोक म्हणाले बरं झालं, एखादेवेळी होतं असं. मग मे महिन्यात फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरची रॅली, म्हणजे तूर द कॉर्स, जिला दहा हजार वळणांची रॅली म्हणतात. तिथे पहिला परत ब्युगाल्स्की, आणि दुसरा स्पेनचा हेसुस पुरास, तोही झारा किट कारमध्येच. कार्लोस साइंझ टोयोटा घेऊन तिसरा. म्हणजे आता नशीब वगैरे म्हणायची सोयच राहिली नाही.

टू-व्हील-ड्राइव्ह गाडीनं जागतिक फेरी जिंकण्याची याआधीची वेळ शोधायला गेलं तर १९८९पर्यंत मागे जावं लागतं, आलँ ओरेय, रेनॉ ५ जीटी टर्बो, आयव्हरी कोस्ट रॅली, आणि तिथे मुख्य टीम्स यायच्याच नाहीत फारशा. डांबरावर समोर सगळे मातब्बर असताना जिंकणं म्हणाल तर १९८७ सालच्या कॉर्सिकात बर्नार बेगँची बीएमडब्ल्यू एम३. आणि १९९९च्या त्या कॉर्सिकानंतर आजपर्यंत एकदाही नाही.

आधी गट म्हणजे काय ते

त्या काळात जागतिक रॅलीत गाड्या दोन मोठ्या ग्रुपमध्ये असायच्या. ग्रुप एन म्हणजे जवळपास शोरूममधली गाडी, सेफ्टी केज, सीट, सस्पेन्शन वगैरे थोडं बदललेलं. ग्रुप ए म्हणजे बरीच मोकळीक, पण मूळ गाडी खरोखर विकलेली हवी, सलग बारा महिन्यांत किमान २५०० नग तयार झालेले दाखवायला लागायचे. मग प्रत्येक ग्रुपमध्ये सीसीप्रमाणे पोटवर्ग. ए५ म्हणजे १४०० सीसीपर्यंत, ए६ म्हणजे १६००पर्यंत, ए७ म्हणजे २०००पर्यंत, आणि त्यावरचं सगळं ए८. एनलाही तसंच एन१ ते एन४.

आता इथे एक मेख आहे. टर्बो असेल तर इंजिनाची सीसी १.७ने गुणायची. म्हणजे दोन लिटरची टर्बो गाडी कागदावर जवळपास ३४०० सीसीची होते आणि थेट ए८मध्ये जाऊन बसते. हा गुणाकार फक्त वर्ग ठरवण्यापुरता नसतो, किमान वजनसुद्धा याच आकड्यावरून ठरतं, कारण वजनाचा तक्ता सीसीप्रमाणे आहे. ३००० ते ३५०० सीसीच्या खान्यात १२३० किलो. म्हणून सगळ्या वर्ल्ड रॅली कार्स, म्हणजे वरच्या वर्गातल्या टर्बो फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या, १२३० किलोच्या, हा आकडा काही हवेतून आलेला नाही.

आणि दोन लिटर बिनटर्बो, टू-व्हील-ड्राइव्ह, किट प्रकारातली गाडी? तिला ९६० किलो.

फरक २७० किलोचा. तीन धट्टीकट्टी माणसं मागच्या सीटवर बसवून घाट चढवल्यासारखं, आणि नुसता चढवायचा नाही तर प्रत्येक वळणाच्या आधी ब्रेक मारून ती तीन माणसं थांबवायची पण.

किट कार हा शब्द आपल्याकडे लोक ऐकतात आणि त्यांना वाटतं घरी जोडायची गाडी. तसं नाही. कंपनीनं एफआयएकडे, म्हणजे मोटार शर्यतींचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे, आपल्या मूळ होमोलोगेशन फॉर्मला एक जोड अर्ज लावायचा, त्याला किट व्हेरियंट म्हणायचे, फॉर्मवर व्हीके असं यायचं. त्या जोडपत्रात जे पार्ट नोंदवले ते लावायची परवानगी. रुंद फेंडर, रुंद ट्रॅक म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवायचं, मोठे ब्रेक, सहा गिअरचा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स, इंजिनाचं इनटेक वेगळं, सस्पेन्शनचे बरेच भाग वेगळे. साध्या ग्रुप एमध्ये हे जमायचं नाही, तिथे बॉडीचा आकार मूळ गाडीसारखाच ठेवायला लागायचा. किटवर बंधन काय, तर टर्बो लावायचा नाही आणि चार चाकांना पॉवर द्यायची नाही. गंमत म्हणजे १९९७पासून जो वर्ल्ड रॅली कारचा नियम आला तो पण याच धर्तीचा, फक्त तिथे साध्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीला टर्बो आणि फोर-व्हील-ड्राइव्ह लावायची मुभा दिली. म्हणजे दोन्ही गाड्या घरातल्या साध्या हॅचबॅकपासूनच निघालेल्या, एकीला एक सवलत, दुसरीला दुसरी.

हे सगळं एफआयएनं का केलं? कारण नव्वदीच्या सुरुवातीला बऱ्याच कंपन्यांकडे फोर-व्हील-ड्राइव्ह टर्बो विकायला गाडीच नव्हती आणि २५०० नग फक्त रॅलीसाठी बनवणं परवडत नव्हतं. त्यांना खेळात आणायला १९९३पासून दोन लिटरचा वेगळा जागतिक कप सुरू केला, फॉर्म्युला २ म्हणायचे लोक त्याला, त्या सिंगल सीटर फॉर्म्युला २शी काही संबंध नाही. १९९४ला हा कप स्कोडानं जिंकला, तो पण १३०० सीसीच्या फॅव्होरिटवर, यावरून कळेल की सुरुवातीला हा किती साधा मामला होता. मग १९९५ला प्यूजो, पुढे सलग तीन वर्षं सिआटची इबिझा, आणि शेवटच्या वर्षी, १९९९ला, रेनॉ.

त्यात १९९४ ते ९६ एक विचित्र रोटेशन होतं, काही रॅल्या त्या वर्षी मुख्य अजिंक्यपदात नाहीत, फक्त या दोन लिटर कपला मोजायच्या. १९९६ला कॉर्सिका तशी होती. तेव्हा ती जिंकली कुणी? ब्युगाल्स्कीनंच, रेनॉ मेगान मॅक्सीत. म्हणजे माणूस तोच, बेट तेच, गाडीचा प्रकार तोच, पण तेव्हा समोर वर्ल्ड चॅम्पियनशिपवाले नव्हते म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही.

दोनदा दंड

आता मूळ मुद्दा. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की झारानं कुठलाही नियम वाकवला नाही, तिनं फक्त दोन वेगवेगळ्या तक्त्यांमधली फट पकडली, आणि ती फट नियम लिहिणाऱ्यांच्याच हातून राहिलेली.

टर्बो गाडीला १.७चा गुणाकार का? कारण टर्बो जास्त हवा कोंबतो, म्हणून ती मोठ्या इंजिनासारखी पॉवर देते, म्हणून तिला जास्त वजन. ठीक आहे, पटतंय. पण त्याच टर्बोच्या तोंडाला १९९५पासून ३४ मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर आहे. रिस्ट्रिक्टर म्हणजे हवा आत जायच्या वाटेवर बसवलेली एक अरुंद कडी. हवेचा वेग त्या अरुंद जागेत आवाजाच्या वेगाला पोचला की त्यापुढे तुम्ही कितीही ओढा, एका सेकंदात ठरावीक वजनाचीच हवा जाणार, जास्त नाही. हवा ठरली की पेट्रोल ठरलं, पेट्रोल ठरलं की पॉवर ठरली. म्हणून त्या काळच्या सगळ्या वर्ल्ड रॅली कार्स साधारण ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास अडकलेल्या. वरच्या आरपीएमला जाऊन काही फायदाच नाही, हवाच संपते.

म्हणजे बघा, टर्बो आहे म्हणून वजन लावलं, आणि मग टर्बोचा फायदा कमी करायला रिस्ट्रिक्टर पण लावला. दोनदा दंड.

आणि किट कारला? टर्बो नाही म्हणून वजन कमी, आणि टर्बोच नाही तर रिस्ट्रिक्टर कशाला, म्हणून तोही नाही. मग इंजिनवाल्यांनी काय केलं, आरपीएम वाढवले. बिनटर्बो इंजिनाला जास्त पॉवर हवी तर एकच रस्ता, जास्त वेळा श्वास घ्यायचा. साध्या झारा व्हीटीएसमध्ये हे दोन लिटर सोळा व्हॉल्व्हचं इंजिन १६५ हॉर्सपॉवरच्या आसपास द्यायचं, किट कारमध्ये त्याच मुळापासून २८० ते ३००च्या घरात काढले, साडेआठ हजारांच्या वर फिरवून. आवाज ऐका कधीतरी जुन्या चित्रफितीत, कानठळ्या बसतात.

आता भागाकार करा. १२३० भागिले ३०० म्हणजे एका घोड्यामागे ४.१ किलो. ९६० भागिले २९० धरा, ३.३ किलो. खालच्या वर्गातली गाडी वरच्या वर्गातल्या गाडीपेक्षा कागदावरच हलकी पडते. यात चमत्कार कुठेय?

मग विचाराल, अशानं ती प्रत्येक रॅली का नाही जिंकली. कारण पॉवर असून चालत नाही, ती जमिनीवर उतरवायला लागते. पुढची दोनच चाकं, त्यांनीच वळायचं, त्यांनीच ओढायचं, ब्रेकचा मोठा भार पण त्यांच्यावरच. खडी-मातीवर जोर दिला की चाक जागेवर गरगरतं आणि गाडी नाकानं सरळ बाहेर जाते. फोर-व्हील-ड्राइव्हवाला तिथे आरामात निघून जातो. शिवाय टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. वर्ल्ड रॅली कारचा टॉर्क पाचशे न्यूटन मीटरच्या पुढे, किट कारचा साधारण त्याच्या निम्मा. हेअरपिनमधून बाहेर पडताना टर्बोवाला खालच्या आरपीएमवरूनच उचलतो, किट कारवाल्याला गिअर खाली टाकून, इंजिन किंचाळत ठेवून निघायला लागतं.

आपल्याकडे याला एकदम चपखल उदाहरण आहे, महाराष्ट्र केसरी. माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा. गादीवरचा चपळ मल्ल मातीत उतरला की त्याची निम्मी हत्यारं बोथट, आणि उलटही तेच. किट कार हा गादीवरचाच पैलवान. डांबर कोरडं, ग्रिप भरपूर, मग दोन चाकं पुरतात, आणि फोर-व्हील-ड्राइव्हचा जो मुख्य फायदा आहे तोच शिल्लक राहत नाही, राहतं फक्त त्याचं ओझं. जास्तीचा डिफरन्शियल, जास्तीचे शाफ्ट, मागच्या चाकांपर्यंत पॉवर नेताना होणारं घर्षण, आणि ते २७० किलो. कोरड्या डांबरावर हलकी गाडी उशिरा ब्रेक मारते, वळणात जास्त वेग ठेवते, टायर कमी तापवते. कातालुन्याचे रस्ते तर अजूनच सोयीचे, रुंद, गुळगुळीत, वाहती वळणं, जवळपास सर्किटसारखे. पहिला विजय तिथे मिळाला हा योगायोग नाही. कॉर्सिका जास्त अवघड, अरुंद, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, आपला वरंध घाट डोळ्यासमोर आणा आणि तो दोन-तीन दिवस संपतच नाही असं समजा. तिथेही जिंकली म्हणजे नुसती सरळसोट वेगाची गोष्ट नव्हती.

त्या आधीच्या वर्षांचे निकाल बघितले असते तर कुणालाही अंदाज आला असता खरं तर. १९९७ला जिल पानिझ्झी प्यूजो ३०६ मॅक्सीत कातालुन्यात तिसरा, कॉर्सिकात पण तिसरा. १९९८ला फ्रान्स्वा देलेकूर त्याच गाडीत कॉर्सिकात दुसरा, फक्त कॉलिन मॅक्रेच्या मागे. तिसरा, तिसरा, दुसरा, मग पहिला. पाऊल वाजत येत होतं, लोकांनी कान दिला नाही.

सित्रोएनला यातून काय मिळायचं होतं

इथे पात्रतेचा दुसरा भाग येतो, आणि बरेच जण हा विसरतात. गाडी रॅलीत उतरायला पात्र असणं वेगळं आणि कंपनी गुणांना पात्र असणं वेगळं. १९९९ला मॅन्युफॅक्चरर अजिंक्यपदाचे गुण हवे असतील तर वर्षाच्या सुरुवातीला नाव नोंदवून सगळ्या फेऱ्यांना जायला लागायचं, आफ्रिकेतल्या सफारीपासून न्यूझीलंडपर्यंत. सित्रोएननं मुख्य यादीत नाव दिलंच नव्हतं. दोन रॅल्या जिंकल्या, एकात तर पहिला-दुसरा नंबर, तरी मॅन्युफॅक्चरर तक्त्यात त्यांचं नावच नाही.

ड्रायव्हरचे गुण मात्र व्यक्तीला मिळतात, तिथे गाडी कुठल्या वर्गाची ते कुणी विचारत नाही. तेव्हा पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, मग ४, ३, २, १. ब्युगाल्स्कीला दोन विजयांचे २० मिळाले. आणि खरी चिडचिड इथूनच सुरू झाली असणार, कारण ऑरिऑल अख्खं वर्ष अजिंक्यपदासाठी भांडत होता आणि कातालुन्यात त्याला १०च्या जागी ६ मिळाले, चार गुण गेले, अशा माणसामुळे ज्याला अजिंक्यपदाशी काही देणंघेणं नाही. वर्षाअखेरीस मॅकिनेन ६२, रिचर्ड बर्न्स ५५, ऑरिऑल ५२. त्या चार गुणांनी विजेता बदलला नसता, मॅकिनेनपण एक जागा वर सरकला असता, पण बर्न्स आणि ऑरिऑलमधलं अंतर बघा की.

मला यात वर्ल्ड रॅली कारवाल्यांची बाजू थोडी पटते, खोटं कशाला बोलू. तुम्ही एक यंत्र बनवता जे बर्फ, चिखल, खडी, डांबर सगळीकडे चाललं पाहिजे, वर्षभर जग पालथं घालता, आणि कुणीतरी फक्त एकाच पृष्ठभागासाठी धार लावलेली गाडी घेऊन दोन फेऱ्यांना येतो आणि मलई खाऊन जातो. पण याचा अर्थ फसवणूक होत नाही. ज्याला वाटत होतं तो किट कार घेऊन येऊ शकत होता, नियम सगळ्यांना एकच. आणि प्यूजोनं तर काय केलं बघा, तीन वर्षं ३०६ मॅक्सीवर काम करून करून ते किट कार सोडून वर्ल्ड रॅली कारकडे वळले, त्यांची नवीन २०६ वर्ल्ड रॅली कार पहिल्यांदा कुठे उतरली, तर १९९९च्या याच कॉर्सिकात. एकाच उद्योगसमूहातल्या दोन कंपन्या, धाकटी नवी फोर-व्हील-ड्राइव्ह घेऊन पदार्पण करतेय आणि त्याच दिवशी थोरली जुन्या पद्धतीनं सगळ्यांना धुऊन काढतेय. धाकटी-थोरली मी आपलं रॅलीपुरतं म्हणतोय.

अर्थात प्यूजो चुकले नव्हते. २००० साली त्यांनी मॅन्युफॅक्चरर अजिंक्यपद मारलंच. सगळीकडे धावायचं तर चार चाकंच लागतात.

सित्रोएनचं गणित वेगळं होतं. डकारसारख्या वाळवंटी शर्यतीत त्यांची झेडएक्स चार वेळा जिंकलेली, पण १९९७पासून तिथे फॅक्टरी टीम्सच्या प्रोटोटाइपवर बंदी आली, तेव्हा टीमला काहीतरी काम हवं होतं. टीमचा प्रमुख गी फ्रेकलँ, स्वतः १९८१ला जागतिक अजिंक्यपदात दुसरा आलेला ड्रायव्हर. त्यांनी झारा किट कार बनवली ती मुळात फ्रेंच राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी, जे सगळं डांबरावर असतं. ब्युगाल्स्की १९९८ला तिथे चॅम्पियन, १९९९ला परत. पुरास स्पेनमधला नावाजलेला. म्हणजे दोघंही घरच्या रस्त्यांवर घरच्या गाडीत. जागतिक फेऱ्या म्हणजे त्यांच्यासाठी शेजारच्या गावची जत्रा.

मग नियमाचं काय झालं

१९९९नंतर दोन लिटरचा जागतिक कप बंद झाला. बरेच जण सांगतात की झारा जिंकली म्हणून तो बंद केला, इतकं सरळ नाहीये ते. कपात सातत्यानं भाग घेणाऱ्या कंपन्याच उरल्या नव्हत्या, शेवटच्या वर्षी रेनॉ आणि ह्युंदाई असा मोजका मामला, सिआट स्वतः वर्ल्ड रॅली कारकडे गेलेली. आणि खर्च. जो वर्ग स्वस्तात खेळायला म्हणून काढला त्यात साडेआठ-नऊ हजार आरपीएमची इंजिनं आणि सिक्वेन्शियल गिअरबॉक्स आल्यावर तो स्वस्त राहील कसा. ब्रिटिश अजिंक्यपद त्या वर्षांत याच गाड्यांवर चाललेलं, तिथे खडी-चिखलात पण यांचीच चढाओढ, निसान अल्मेरा, मेगान मॅक्सी, एस्कॉर्ट, सगळे फॅक्टरीच्या पैशावर. फॅक्टरी गेली की खाजगी माणसाला ती इंजिनं पोसणं झेपायचं नाही.

२००१पासून नवीन वर्ग आला, सुपर १६००. टू-व्हील-ड्राइव्ह, बिनटर्बो, १६०० सीसी. आणि किमान वजन किती ठेवलं? १००० किलो. नीट वाचा परत. इंजिन दोन लिटरवरून १६००वर आणलं आणि वजन ९६०वरून १००० केलं. हॉर्सपॉवर साधारण सव्वादोनशेच्या आतबाहेर, म्हणजे एका घोड्यामागे साडेचार किलोच्या आसपास. वरच्या वर्गाचा ४.१ तसाच. फट बुजली. कुणी मोठी घोषणा केली नाही, नुसते दोन आकडे बदलले.

त्या सुपर १६००चा पहिला विजेता सेबास्तियां लोब, सित्रोएन सॅक्सोमध्ये. आणि तो जागतिक फेरीत पहिल्यांदा कधी उतरला होता माहितीये? कातालुन्या १९९९. ब्युगाल्स्की पुढे झारात इतिहास घडवत होता आणि हा पोरगा त्याच रॅलीत सॅक्सो किट कारमध्ये, म्हणजे त्याच नियमाच्या धाकट्या आवृत्तीत. पुढे नऊ वेळा जगज्जेता झाला. सित्रोएननंही शेवटी झाराची फोर-व्हील-ड्राइव्ह टर्बो आवृत्ती काढलीच, आणि २००१ला पुरासनं तिच्यात कॉर्सिका जिंकली.

नंतर आर१, आर२, आर३ असे वर्ग आले, त्यावर फार वेळ घालवत नाही. आजचा टू-व्हील-ड्राइव्हचा मुख्य वर्ग म्हणजे रॅली४, त्याखाली रॅली५. आणि इथे एफआयए शहाणी झालेली दिसते. किलो एकीकडे, सीसी दुसरीकडे असं न ठेवता वर्गासाठी थेट गुणोत्तरच ठरवून टाकलंय. रॅली२ला, जी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे, एका घोड्यामागे ४.२ किलो. रॅली४ला ५.१. रॅली५ला ६.४. आता टर्बो लावा नाहीतर लावू नका, इंजिन तीन सिलिंडरचं असो नाहीतर चार, उत्तर तेच यायला हवं. प्यूजो २०८ रॅली४ घ्या, १.२ लिटर तीन सिलिंडर टर्बो, किमान वजन १०८० किलो, पॉवर दोनशेच्या जरा वर, भागाकार करून बघा, बरोबर पाचच्या पुढे.

गंमत अशी की मधल्या रॅली३ला, जी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे आणि रॅली४च्या वर धरतात, तिचं गुणोत्तर ५.६ आहे, म्हणजे रॅली४पेक्षा ती कागदावर सुस्त. कोरड्या डांबरावर रॅली४वाला तिला त्रास देऊ शकतो आणि देतोही. पण आता हे मुद्दाम ठेवलंय, कारण रॅली३चं काम पोरांना चार चाकं शिकवायचं आहे. १९९९ला फट चुकून राहिलेली, आता ती माहीत असून ठेवलेली. नियमावलीत हा फरक कुठे लिहिलेला नसतो, आकड्यांवरूनच ओळखायचा.

आपल्याकडच्या राष्ट्रीय रॅलीतही वर्ग असेच सीसी आणि तयारीच्या पातळीवर पडतात, एस्टीम, बलेनो, पोलो अशा फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्याच जास्त, आणि नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा सर्व्हिस पार्कमध्ये उभं राहून मी हेच बघायचो, की पोरं इंजिनाबद्दल तासनतास बोलतात आणि वजनाचं नाव कुणी काढत नाही. कुणाचं इंजिन किती घोड्यांचं हे सगळ्यांना पाठ, कुणाची गाडी काट्यावर किती भरली ते मालकालापण नीट माहीत नाही. होमोलोगेशनची मुदत हा असाच दुर्लक्षित प्रकार, मॉडेलचं उत्पादन बंद झालं की आंतरराष्ट्रीय होमोलोगेशन आणखी सात वर्षं चालायचं, मग संपलं, गाडी कितीही फिट असली तरी. पुढे ती चालवायची तर देशाच्या फेडरेशननं मुभा दिली तरच. जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्यानं आधी ही तारीख बघावी आणि मग टायर बघावेत.

त्या कॉर्सिकाचा निकालाचा कागद मिळाला तर त्यातला गटाचा रकाना बघा. नाव, गाडी, वेळ हे सगळं नंतर. वर्ल्ड रॅली कार्स मोजल्या जायच्या ए८मध्ये, किट कार ए७मध्ये. वरून खाली वाचत जायचं: ए७, ए७, आणि मग तिसऱ्या ओळीला, साइंझच्या नावासमोर, पहिला ए८.